अडकित्त्याचा आवाज: काकांची ट्रंक, रेडिओवरच्या श्रुतिका आणि नंतर आलेला टीव्ही

माजघर (धागाकर्ता)

आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला निघालीय. गेल्या महिन्यात खोली रिकामी करताना पोटमाळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली. आईला वाटलं भांडी असतील. उघडली तर कागदच कागद, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास.

माझे मोठे काका चर्चगेटच्या एका कचेरीत कारकून होते. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन ते चालत आकाशवाणीत जायचे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिथे जाऊन नेमकं काय करायचे हे मात्र आम्ही कधी विचारलं नाही. 'काका रेडिओवर लिहितात' एवढंच. माझी धाकटी आत्या लहानपणी समजायची की ते रेडिओच्या पेटीवर बसून लिहितात.

ट्रंकेत मोजून ८३ श्रुतिका, म्हणजे रेडिओवरच्या पंधरा मिनिटांच्या नाटिका, निघाल्या. फुलस्केप कागद, एकाच बाजूला लिहिलेले, बऱ्याचशा निळ्या कार्बनच्या प्रती. समासात पेन्सिलने मिनिटं टाकलेली: १॥, ३, ४॥... शेवटच्या पानावर १४॥ आणि त्याखाली दुहेरी रेघ. जिथे १५ झालंय तिथे आधीच्या पानांवर काटछाट. काकांचं गणित पानाला दीड मिनिट. श्रुतिका साडेनऊ पानांवर गेली की ते घरात चिडचिड करायचे, असं आई सांगते.

सोबत आकाशवाणीच्या करारपत्रांचा गठ्ठा आहे. त्या करारावर सही 'राष्ट्रपतींच्या वतीने' असायची. काकांचा लाडका विनोद यावरच होता. काकू भाजी आणायला सांगायची, तेव्हा हे म्हणायचे, "थांब, राष्ट्रपतींनी मला शुक्रवारपर्यंत हसवायला सांगितलंय."

आयुष्यभर हे नोकरी सांभाळून चाललं. पहिली श्रुतिका १९५८ ची, शेवटची ऐंशीच्या दशकातली. मध्ये टीव्हीसाठीही थोडंफार लिहिलंय. नाव कुठेच नाही. पुस्तक एकही नाही. एका प्रकाशकाने निवडक श्रुतिका छापतो म्हणून वही नेली होती, ती परत आली नाही. ती वही कार्बन न घालता लिहिलेली, म्हणजे ८३ हा आकडाही अपुराच.

विचारायचं हे, की असे लेखक जगायचे कसे? त्या पंधरा मिनिटांत लिहायचे काय आणि कसं? आणि टीव्ही आल्यावर त्यांचं काय झालं? जाणकारांनी भर घालावी. ट्रंकेतलं एक पान नंतर टंकून टाकतो.

खारे_शेंगदाणे

पहिला नंबर!
श्रुतिका म्हटलं की मला फक्त टेकाडे भावजी आठवतात. आमच्याकडे 'प्रपंच' लागलं की आजोबा पंख्याचा आवाज होतो म्हणून पंखा बंद करायचे. मे महिन्यात. घामाघूम होऊन हसलोय आम्ही.

ठाणे_फास्ट

@खारे_शेंगदाणे, अगदी. नव्या पिढीसाठी: 'प्रपंच' आणि पुढे 'पुन्हा प्रपंच' ही मुंबई केंद्राची कौटुंबिक मालिका. टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू (याच पुढे करुणा देव) आणि पंत म्हणजे बाळ कुडतरकर. तिघं माइकसमोर उभे राहून एक अख्खं घर उभं करायचे. कुडतरकरांचा आवाज फिल्म्स डिव्हिजनच्या मराठी माहितीपटांमुळे थेटरात जाणाऱ्यांनाही पाठ होता.

आता बघा, ही तीन नावं मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. लिहिणारे कोण? वि. आ. बुवांनी त्यासाठी पुष्कळ लिहिलं, हे मला फार उशिरा कळलं. लेखकाचं नाव शेवटी एकदा सांगायचे आणि नेमकी तेव्हाच आई 'पानं घेतलीत' म्हणून हाक मारायची. माजघर, तुमच्या काकांचं नाव मी कदाचित वीस वेळा ऐकलं असेल. वरणाच्या वाटीच्या आवाजाखाली.

जगायचे कसे, तर नोकरी करूनच. पूर्णवेळ विनोदी लेखक हा प्राणी मराठीत जवळजवळ नव्हताच. जयवंत दळवींसारखा लेखकसुद्धा वर्षानुवर्षं यूसिसमध्ये (अमेरिकेच्या माहिती खात्यात) नोकरी करत होता. बाकीच्यांचे तीन आधार: दिवाळी अंक, रेडिओ, आणि गणेशोत्सव-कामगार स्पर्धांसाठी एकांकिका. उन्हाळ्यात दिवाळी अंकांचं लेखन, पावसाळ्यात गणपतीच्या एकांकिका, आणि रेडिओ बारमाही. रेडिओचा चेक लहान, पण येणारा.

सुरळीची_वडी

मी या धाग्यावर लिहायलाच हवं. सत्तरच्या दशकात मी आकाशवाणीच्या नाट्यविभागात आवाज द्यायला जात असे. ऑडिशन पास होऊन 'बी' श्रेणी मिळाली तेव्हा वडिलांनी पेढे वाटले होते, त्यांना वाटलं 'बी' म्हणजे बीए सारखं काहीतरी.

माजघर, कागद एकाच बाजूला का लिहिलेत ते सांगते. उलटावे लागू नयेत म्हणून. पान उलटलं की माइकला ते पत्रा हलवल्यासारखं ऐकू जातं. टाचणी तर नाहीच. वाचून झालेलं पान अलगद बाजूला सोडायचं, हवेत तरंगत खाली जाईल असं. तालमीत पहिली शिकवण हीच, अभिनय नंतर. मऊ कागद बरा, कडक कोरा बॉन्ड कागद आणणाऱ्या लेखकाला आम्ही मनातल्या मनात शिव्या द्यायचो. (तुमच्या काकांना कधी दिल्या असतील तर माफी.)

लिहिणाऱ्याची खरी परीक्षा आवाजांची. नवा लेखक कथेत चार बायका घालायचा, सासू, सून, शेजारीण, मैत्रीण. चौघीही तिशीच्या, चौघीही भराभर बोलणाऱ्या. ऐकणाऱ्याला दुसऱ्या मिनिटाला कळेना कोण कोणाला टोमणा मारतंय. मुरलेला लेखक एक बाई, एक म्हातारा, एक पोरगा, एक हेलाने बोलणारा असं वाटून घ्यायचा. मालवणी शेजारी हा केवळ विनोदासाठी नसायचा हो, तो कानाला सापडावा म्हणून असायचा!

दुसरी गोष्ट नावांची. रेडिओवर पात्र बोललं नाही तर ते मेलं. म्हणून दर थोड्या वेळाने कोणीतरी 'काय हो पंत' म्हणायचं. हे कळू न देता करणं म्हणजे कसब. आणि आवाजांची सामग्री! एका चौकटीत बसवलेलं दार होतं, त्याला कडी, कोयंडा, बेल सगळं. खडी भरलेला ट्रे पावलांसाठी. नारळाच्या करवंट्या घोड्यासाठी. विनोदी श्रुतिकेत घोडा कशाला येईल, पण एका लेखकाने व्हिक्टोरिया घातली होती म्हणून मीच वाजवल्यात.

अर्धा_चहा

अवांतर: आमचा मर्फी रेडिओ अजून चालू आहे. त्यावरचं बोट तोंडाशी धरलेलं बाळ आठवतं का कुणाला?

खारे_शेंगदाणे

@अर्धा_चहा आठवतं. पोस्टात लायसन्स भरायची रांग पण आठवते. रेडिओ ऐकायला परवाना लागायचा हे सांगितलं की माझी मुलगी माझ्याकडे मी इंग्रजांच्या काळात जन्मल्यासारखं बघते.

माजघर (धागाकर्ता)

वचन दिल्याप्रमाणे एक तुकडा. घरमालक खोली सोडवून घ्यायला आलाय. आबा म्हणजे वसंताचे वडील. या आबांवर काकांनी ११ श्रुतिका लिहिल्यात आणि एकाही श्रुतिकेत आबा अक्षर बोलत नाहीत. फक्त अडकित्ता वाजतो.

(नळाची धार. बादली भरत आल्याचा आवाज. मागे अडकित्ता: कट्ट.)
सुमती : अहो, आबांना विचारलंत का, जागेचं काय ते?
वसंत : विचारलं.
सुमती : मग?
(कट्ट.)
वसंत : हे असं म्हणाले.
सुमती : म्हणजे हो की नाही?
वसंत : हो असेल तर दोनदा वाजतो. हा एकदा वाजला.
सुमती : म्हणजे नाही.
वसंत : म्हणजे सुपारी कडक आहे.
(दाराची कडी.)
शेठ : येऊ का आत?
वसंत : या शेठ, या! बसा. तिथे नको, तिथे बादली आहे.
शेठ : मग इथे?
वसंत : इथे बंड्याचा अभ्यास आहे.
शेठ : कुठाय अभ्यास?
सुमती : तोच आम्हीही जूनपासून शोधतोय.
शेठ : मी उभाच राहतो. आबा, आज सोक्षमोक्ष लावू. रोख पैसे आणलेत. खोली सोडता?
(शांतता. ५ सेकंद.)
शेठ : आबा?
(शांतता.)
शेठ : अहो, काहीतरी बोला!
(कट्ट... कट्ट.)
सुमती : अगं बाई! हो म्हणाले!
वसंत : (घाईने) नाही हो शेठ, पहिला कट्ट तिच्या मगाचच्या प्रश्नाचा होता!

'५ सेकंद' च्या खाली काकांनी दोनदा रेघ मारून लिहिलंय: 'कमी करू नये'. शेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात लाल शाईने '३'. आणि त्याच्याही खाली काकांचं बारीक अक्षर: '४ वर मिटलं.'

सुरळीची_वडी

वा! वा!! पाच सेकंदांवरून भांडण झालंच असणार. प्रसारणात पाच सेकंद आवाज नाही म्हणजे ड्यूटी रूममध्ये लोक खुर्चीतून उठतात, कुठे काही बंद पडलं का म्हणून. चार मिळवले म्हणजे तुमच्या काकांचं वजन होतं.

आणि बादली बघा. 'तिथे बादली आहे, इथे बंड्याचा अभ्यास आहे' या दोन वाक्यांत खोली किती बाय किती ते कळलं, माणसं किती ते कळलं, आणि ऐकणाऱ्याला आपल्याला माहिती दिली जातेय असं वाटलंही नाही. नवखा लेखक इथे लिहितो, 'अहो, या दहा बाय बाराच्या खोलीत आपण पाच माणसं कशी राहणार?' जसं काही बायकोला खोलीचं माप आजच कळलंय.

ठाणे_फास्ट

या शांततेवरून जॅक बेनी आठवला. अमेरिकन रेडिओवरचा बडा विनोदवीर. वर्षानुवर्षं त्याचं पात्र महाकंजूष म्हणून रंगवलेलं. १९४८ च्या मार्चमधल्या एका भागात चोर त्याला अडवतो, पैसे देतोस की जीव? बेनी गप्प. लोक हसायला लागतात. चोर पुन्हा दरडावतो, तेव्हा हा चिडून म्हणतो, विचार करतोय ना!

त्या शांततेत लेखकांनी एक शब्दही लिहिलेला नाही, पण ती पेलायला आधीची कित्येक वर्षं लिहिलंय. आबांचा अडकित्ता त्याच जातीचा. पहिल्या श्रुतिकेत हा कट्ट कुणालाच हसवणार नाही. अकराव्या श्रुतिकेत लोक नुसत्या आवाजाची वाट बघत असतील.

कडूकारलं

सगळे गहिवरलेत म्हणून थोडं मीठ टाकतो. मीही ऐकलंय तेव्हाचं. दहातल्या सात श्रुतिका म्हणजे बायको माहेरी गेली, साहेब जेवायला येणार, सासूबाई मुक्कामाला, नवऱ्याने स्वयंपाक केला आणि भात करपला. बायका एकतर भोळ्या नाहीतर कजाग. आज ऐकवत नाही. वर पोस्ट केलेला तुकडा छान आहे हे कबूल, पण ८३ पैकी किती असे आहेत ते धागाकर्त्याने प्रामाणिकपणे सांगावं.

माजघर (धागाकर्ता)

प्रामाणिकपणे? निम्म्याहून कमी. करपलेला भात चार वेळा आहे. काकूने आयुष्यात भात करपवला नाही, त्यामुळे तिचा त्यावर कायमचा राग होता.

ठाणे_फास्ट

@कडूकारलं, मुद्दा बरोबर, पण त्यामागचं कारणही बघा. लेखक घरातच का अडकला? कारण बाहेर जायची वाट बंद होती. सरकारी माध्यम. आकाशवाणीची आचारसंहिता होती: कुठल्या पक्षावर नाव घेऊन टीका नको, केंद्र किंवा राज्य सरकारवर जहरी टीका नको, धर्म-जातीवर हल्ला नको, मित्रराष्ट्रांवर नको, अश्लील तर नकोच. वर व्यापारी मालाचं नाव फुकट घ्यायचं नाही. मुंबई-पुणे-नागपूरला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ ला, आणि तिथेही नाव घ्यायचं ते पैसे मोजून. आता या कुंपणाच्या आत विनोद शोधा बघू. उरते सासू, साहेब, नळ, रेशन, लोकल आणि घरमालक.

त्यातला घरमालक मात्र बहाद्दराने बरोबर हेरला होता. १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला, भाडी गोठली, मालकाला भाडेकरू नकोसा आणि भाडेकरूला खोली जिवापाड. गिरगाव ते परळ प्रत्येक घरात चाललेलं ते शीतयुद्ध होतं. ते लिहिलं तर सरकारवर टीका होत नाही, आणि शहरात काय चाललंय ते सगळं येतं. माजघरच्या काकांचा शेठ मला म्हणूनच आवडला.

कडूकारलं

हे पटलं. भात करपलाच आहे पण.

स्पूलवाला

थोडी तांत्रिक भर. श्रुतिका वाजायची ती पाव इंची टेपवर, वेग साधारण साडेसात इंच सेकंदाला. म्हणजे पंधरा मिनिटांना साडेपाचशे फुटांहून जास्त टेप लागते. संपादन म्हणजे खरोखर कापणं: खडूच्या पेन्सिलने खूण, ब्लेडने तिरका छेद, चिकटपट्टी. कलाकार अडखळला की त्याची ती 'अं...' आमच्या पायाशी फरशीवर पडलेली असायची. माजघर, तुमच्या काकांच्या त्या एका सेकंदाची किंमत साडेसात इंच! लाल शाईवाल्याने मागितले होते दोन सेकंद, पंधरा इंच.

टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची. हे जगभर चालायचं, बीबीसीनेसुद्धा आपले गाजलेले विनोदी कार्यक्रम असेच पुसलेत. त्यामुळे तुमचे कार्बन कागद जपा. बऱ्याच ठिकाणी आता तेवढंच उरलंय.

अर्धा_चहा

टीव्हीचं राहिलं की!

ठाणे_फास्ट

टीव्हीवर येतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून सुरू झालं. तेव्हा दूरदर्शन हे आकाशवाणीचंच अंग होतं, वेगळं खातं झालं ते १ एप्रिल १९७६ ला. (तारखेवर विनोद करत नाही.) त्यामुळे पहिल्या वर्षांत टीव्हीला माणसं कुठून मिळाली? काही नाटकातून, काही रेडिओतून. बबन प्रभूंचंच घ्या. 'झोपी गेलेला जागा झाला' लिहिणारा फार्सवाला माणूस, रेडिओत मुरलेला, तो याकूब सईद यांच्याबरोबर 'हास परिहास' मध्ये दिसायला लागला. विनायक चासकरांचा 'गजरा' म्हणजे छोट्या प्रहसनांची माळ. पुढे 'चिमणराव' आला. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चिमणरावाचे लेखक चिं. वि. जोशी १९६३ सालीच गेले होते, त्यांना हे बघायला मिळालं नाही. अर्थात मास्टर विनायकांनी चिमणरावाला १९४० मध्येच सिनेमात आणला होता, दामुअण्णा मालवणकर चिमणराव. म्हणजे एकच पात्र तीन माध्यमांत फिरून आलं.

त्याआधीचं उदाहरण पु.लं.चं. १९५५ मध्ये आकाशवाणीत गेले, टीव्हीच्या प्रशिक्षणाला बीबीसीत गेले आणि दिल्लीत १९५९ ला टीव्ही सुरू झाला तेव्हा सुरुवातीच्या निर्मात्यांत ते होते. पण पु.ल. स्वतःच चालतं-बोलतं रंगमंच. टेबलामागच्या लेखकाचं काय झालं ते माजघरनेच सांगावं.

माजघर (धागाकर्ता)

सांगतो. यासाठी काल आईला आणि चाळीतल्या दोन जुन्या शेजाऱ्यांना फोन केले.

काकांनी आबांची एक गोष्ट टीव्हीसाठी लिहून दिली होती. तेव्हा चाळीत एकच टीव्ही, दुसऱ्या मजल्यावर. ज्यांच्याकडे होता त्यांनी त्या संध्याकाळी सतरंज्या घातल्या. खिडकीतून मुलं लटकलेली, जिन्यात बायका. काका पुढे बसले नाहीत, दाराशी चपलांजवळ उभे राहिले.

सुरू झालं. नळ दिसला, बादली दिसली. मग कॅमेरा आबांवर. पांढऱ्या मिशांचा एक चांगला भरदार नट, मांडीवर पानाचा डबा. अडकित्ता वाजवला. कुणीच हसलं नाही.

मग आपसांत सुरू झालं. "हा कुठला आबा? आबा बारीक आहे." "मिशा कशाला दिल्या? आबांना मिशा नाहीत." "आबांना टक्कल आहे." एक आजी म्हणाल्या, "आबा कॉटवर बसतात, हा खाली बसलाय." पंधरा वर्षं कुणी आबांना बघितलेलं नव्हतं आणि सगळ्यांना ते तोंडपाठ होते.

नटाचा काही दोष नव्हता. दोष कुणाचाच नव्हता, असेल तर काकांचाच, त्यांनी श्रुतिका तशीच्या तशी उतरवून दिली होती. 'तिथे नको, तिथे बादली आहे' हे वाक्यही ठेवलेलं. बादली समोर दिसतेय आणि माणूस सांगतोय की बादली आहे.

रात्री जेवताना काका म्हणाले ते आईला अजून जसंच्या तसं आठवतं: "चाळीत सत्तर बिऱ्हाडं. सत्तर आबा होते. टीव्हीने आज एकोणसत्तर मारले."

सुरळीची_वडी

अंगावर काटा आला.

खारे_शेंगदाणे

मग काकांनी टीव्ही सोडला?

माजघर (धागाकर्ता)

नाही ना! हेच ट्रंकेमुळे कळलं. टीव्हीसाठी लिहिलेल्या आणखी सहा संहिता आहेत. पहिलीत रेडिओसारखी गच्च पानं. दुसरीत काट मारायला सुरुवात. चौथीपासून एक गंमत दिसते. संवाद खोडलाय आणि त्याच्या जागी समासात एकच शब्द: 'चेहरा'. म्हणजे इथे बोलायचं नाही, चेहरा दाखवा. शेवटच्या संहितेत मी मोजलं, अकरा वेळा 'चेहरा'. पन्नाशीला आलेला माणूस गप्प राहायला शिकत होता.

आई म्हणते, ते कुरकुरायचे, "लिहायचं कमी आणि विचार दुप्पट. याला काय अर्थ आहे?"

ठाणे_फास्ट

हा 'चेहरा' म्हणजे सगळ्यांनाच ओलांडावा लागलेला उंबरठा आहे. इंग्लंडमधले विनोदी लेखक रे गॅल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन घ्या. पोरवयात दोघांना क्षय झाला, सॅनेटोरियममध्ये ओळख झाली आणि तिथल्याच अंतर्गत रेडिओसाठी लिहिता लिहिता जोडी जमली. त्यांनी १९५४ पासून टोनी हॅनकॉक या विनोदी नटासाठी रेडिओवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम लिहिला, आणि १९५६ ला तोच कार्यक्रम टीव्हीवर नेला. तिथे सापडलं की हॅनकॉकचा चेहराच अर्धं काम करतो. दुसरा बोलतोय आणि हा नुसता ऐकतोय, तिथे हशा. पुढे १९६२ पासून त्यांनी भंगारवाल्या बापलेकांची मालिका लिहिली, त्यात तर दोन माणसं आणि एक घर. बाप म्हातारा, मुलगा चाळिशीकडे झुकलेला, घर सुटत नाही. वाचताना वाटतं हे गिरगावात का नाही लिहिलं कुणी?

त्यांना मात्र हा बदल करताना एक नट सतत हाताशी होता. काकांना तसा नव्हता. वर्षातून एखादी संहिता, दर वेळी नवी माणसं. तुमच्या काकांनी हे एकट्याने, कचेरी सांभाळून, समासात पेन्सिलने शोधून काढलं.

कडूकारलं

मी मीठवाला असलो तरी हे वाचून गप्प झालो. (चेहरा.)

एक भर. १९८४ ला दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' ही हिंदी विनोदी मालिका आली, हिंदी व्यंगकार शरद जोशींनी लिहिलेली. त्याच सुमारास प्रायोजक आला, आठवड्याला एक भाग, तेच नट, तेच घर, लेखक ठरलेला. ज्या गोष्टीची काकांना गरज होती ती तेव्हा आली. त्यांचं वय तेव्हा?

माजघर (धागाकर्ता)

निवृत्तीच्या उंबरठ्यावर. ती मालिका ते न चुकता बघायचे, मलाही मांडीवर घेऊन. मी हसलो की माझ्याकडे बघायचे, पडद्याकडे नाही. तेव्हा वाटायचं माझ्यावर प्रेम आहे म्हणून. आता वाटतं सेकंद मोजत असावेत.

स्पूलवाला

माजघर, एक सुचवतो. या ११ आबा-श्रुतिका आपण रेकॉर्ड करू. घरच्या घरी होतं आता, चांगला माइक माझ्याकडे आहे. सुरळीताई सुमती करतील का?

सुरळीची_वडी

सुमतीचं वय तीस, माझं बहात्तर. पण रेडिओ आहे, कोण बघतंय? करते. पानं मऊ कागदावर काढा, एकाच बाजूला. शेठ कडूकारलं यांनी करावा, आवाज न ऐकताच सांगते.

कडूकारलं

मान्य. भात करपायचा सीन घेणार नसाल तरच.

ठाणे_फास्ट

मी वसंत. आणि शांतता पाच सेकंदांची ठेवू या, आता ड्यूटी रूम नाही.

माजघर (धागाकर्ता)

डोळे भरलेत, सगळ्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. एक अडचण आहे. अडकित्ता. काकांचा होता तो खोली रिकामी करताना भंगारात गेला, मीच दिला. काल भुलेश्वरला जाऊन नवा आणला, स्टीलचा. वाजवून बघितला तर कट्ट होत नाही, खिस्स होतं. आईने ऐकलं आणि आतून म्हणाली, "हा आबा नव्हे."

अर्धा_चहा

माझ्या आजोबांचा पितळी आहे. आत्ता मर्फीशेजारी ठेवून वाजवून बघितला. कट्टच होतं. रविवारी घेऊन येतो, सुपारी तुम्ही आणा. कडक बघून.